निष्क्रिय आणि सक्रिय टेहळणी

नैतिक हॅकिंगमध्ये टेहळणी म्हणजे एखाद्या संगणकप्रणालीची सुरक्षा तपासण्यापूर्वी तिच्याविषयी माहिती गोळा करण्याचा पहिला टप्पा होय. तिचे दोन प्रकार मानले जातात. ज्या संस्थेची तपासणी करावयाची तिच्या यंत्रणेला एकही संदेश न पाठवता केलेली टेहळणी निष्क्रिय, तर त्या यंत्रणेशी थेट संपर्क साधून केलेली टेहळणी सक्रिय म्हटली जाते. लॉकहीड मार्टिन या कंपनीने २०११ मध्ये मांडलेल्या सायबर हल्ल्याच्या सात टप्प्यांतही पहिला टप्पा टेहळणीचाच आहे.

मराठीत टेहळणी हा शब्द प्रामुख्याने गडाच्या बुरुजावरून शत्रूवर नजर ठेवणाऱ्यांसाठी रूढ आहे. येथे मात्र नजर बाहेरून आत असते, हा अर्थातील फरक लक्षात घेतला पाहिजे.

निष्क्रिय टेहळणी

या प्रकारात माहिती त्रयस्थ आणि सार्वजनिक स्रोतांतून मिळवली जाते. डोमेन नावाच्या नोंदणीचा तपशील देणारी 'हूइज' सेवा हा त्यांतील सर्वांत जुना स्रोत होय. मात्र युरोपीय संघाचा विदा संरक्षण नियम मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीकर्त्या व्यक्तींची नावे व पत्ते बहुधा झाकलेले असतात. शोधयंत्रांत विशिष्ट प्रकारच्या फायली मागवणे, संकेतस्थळाच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर पाहणे, प्रकाशित दस्तऐवजांत दडलेली लेखकाची व सॉफ्टवेअरची नावे वाचणे या नेहमीच्या पद्धती आहेत. नोकरीच्या जाहिरातीही उपयोगी पडतात, कारण कोणत्या डेटाबेसचा वा फायरवॉलचा अनुभव हवा हे संस्था त्यांत स्वतःच लिहून टाकते.

प्रमाणपत्र पारदर्शकता नोंदी हा अलीकडचा आणि विशेष समृद्ध स्रोत आहे. खोटी सुरक्षा प्रमाणपत्रे उघडकीस यावीत म्हणून या सार्वजनिक नोंदींची कल्पना पुढे आली व २०१३ मध्ये तिचे तांत्रिक विवरण प्रसिद्ध झाले. परंतु प्रमाणपत्र घेतलेल्या उपडोमेनांची नावेही त्यांत कायमची नोंदली जातात. चाचणीसाठी उभारलेला आणि नंतर विस्मरणात गेलेला सर्व्हर अनेकदा येथेच सापडतो. संरक्षणासाठी केलेली सोय टेहळणीच्याही कामी यावी, हे या क्षेत्रात वारंवार घडते.

या टेहळणीचा मागमूस संस्थेच्या नोंदवहीत राहत नाही. माहिती शिळी असू शकते, ही तिची मर्यादा होय.

सक्रिय टेहळणी

सक्रिय टेहळणीत यंत्रणेला प्रश्न विचारले जातात आणि तिच्या उत्तरांवरून अनुमान काढले जाते. पोर्ट स्कॅन हे तिचे प्रमुख साधन. टीसीपी जोडणीत प्रथम 'सिन' संदेश जातो, उघडे पोर्ट 'सिन-अ‍ॅक' असे उत्तर देते आणि शेवटी 'अ‍ॅक' पाठवून जोडणी पूर्ण होते. अर्धोन्मुक्त स्कॅनमध्ये हे तिसरे पाऊल टाकलेच जात नाही; पोर्ट उघडे आहे एवढे कळले की काम भागते. यासाठी सर्वाधिक प्रचलित असलेले एनमॅप हे साधन गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. सेवांच्या आवृत्त्या ओळखणे आणि नाव-सर्व्हरकडे संपूर्ण क्षेत्राची यादी मागणे या अन्य पद्धती होत.

उत्तरे ताजी व नेमकी मिळतात, पण त्यांची किंमत मोजावी लागते. प्रत्येक प्रश्न फायरवॉलच्या नोंदीत उमटू शकतो. जुनी औद्योगिक नियंत्रक उपकरणे किंवा वैद्यकीय उपकरणे अनपेक्षित संदेशांनी बंद पडू शकतात. म्हणून कारखाना वा रुग्णालय यांच्या तपासणीत स्कॅनची वेळ आणि वेग आधी ठरवून घेणे अत्यावश्यक मानले जाते.

सीमारेषा

दोन प्रकारांमधील रेषा वाटते तितकी स्वच्छ नाही. २००९ मध्ये सुरू झालेले शोडान हे शोधयंत्र जगभरची उपकरणे स्वतः स्कॅन करते आणि निष्कर्ष साठवते. ते वाचणारा निष्क्रिय ठरतो, मात्र कोणीतरी दार ठोठावलेले असतेच. संस्थेचे संकेतस्थळ सामान्य वाचकाप्रमाणे उघडणे यालाही काही जण अर्धनिष्क्रिय म्हणतात.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत 'माउल्टन विरुद्ध व्हीसी३' या खटल्यात जॉर्जियातील संघीय न्यायालयाने २००० मध्ये केवळ पोर्ट स्कॅनमुळे नुकसान झाले असे मानण्यास नकार दिला. भारतात त्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम २ मधील 'प्रवेश' या संज्ञेच्या व्याख्येत संगणकाच्या साधनांशी संपर्क साधणेही अंतर्भूत आहे, आणि कलम ४३ मालकाच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाबद्दल भरपाईची तरतूद करते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांचे लक्ष्यित स्कॅनिंग ही सहा तासांच्या आत कळवावयाची घटना आहे.

त्यामुळे सक्रिय टेहळणीपूर्वी लेखी परवानगी घेतली जाते आणि तीत आयपी पत्ते, दिनांक व वगळलेली यंत्रे नमूद केली जातात. संस्थेचा सर्व्हर दुसऱ्याच्या क्लाउडवर असल्यास त्या सेवादात्याचे नियमही पाहावे लागतात. सरावासाठी एनमॅप प्रकल्पाने 'स्कॅनमी' नावाचे एक यंत्र खुले ठेवले असून त्यावर माफक प्रमाणात स्कॅन करण्याची मुभा आहे.