हिवाळ्यातील ऊन आणि वऱ्हाडाची तसबीर

तुळशीचे लग्न लागले की लग्नघरांची लगबग सुरू होते. पौषापूर्वीचा मुहूर्त साधावा आणि कार्य उरकल्यावर वऱ्हाडास अंगणात बसवून तसबीर घ्यावी, ही चाल आपल्याकडे पडली ती केवळ हौसेने नव्हे. तिच्यामागे प्रकाशाचा हिशेब होता.

१८५१ साली इंग्लंडात निघालेल्या पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घेऊन ती लागलीच अंधारात धुवावी लागे. घराबाहेर जायचे तर काळोखा तंबूही बरोबर न्यावा लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स याने कोरड्या काचेची वाट दाखविली आणि पुढे हे ओझे उतरले. त्याच दशकात, १८७४ च्या सुमारास, इंदुरास बांधकाम खात्यात असलेल्या लाला दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले.

समईच्या उजेडात एवढी माणसे टिपणे अवघड. सूर्य हाच खरा दिवा. इंदुरास मेअखेर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि पगडीची सावली डोळ्यांवर पडते. डिसेंबरअखेर तोच सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर राहतो. तिरप्या उन्हात चेहरे उजळतात, शालूची जर उठून दिसते.

आमच्या घरी अशी एक तसबीर आहे. पुढे जाजमावर मुले, मध्ये खुर्च्यांवर वधूवर व वडीलधारी, मागे उभी पुरुषमंडळी. सर्वांच्या तोंडावर ऊन आहे. उजव्या कडेला, उघड्या दाराच्या अंधारात, आलवणाचा पदर तेवढा दिसतो. त्या आमच्या पणजोबांच्या विधवा भगिनी. त्या लग्नाचा सारा स्वयंपाक त्यांच्याच देखरेखीखाली झाला, असे आम्ही ऐकत आलो.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली. परंतु अंगणातील त्या खुर्चीचा हक्क कोणत्या कलमात लिहिणार? आम्ही वकिलीत पुष्कळ दस्तऐवज पाहिले. इतका बोलका क्वचितच.

हल्ली नवदांपत्य पहाटेच्या धुक्यात, किल्ल्यावर वा समुद्रकाठी छबी घेते. त्या हौसेस आमची हरकत नाही. विनंती एवढीच की, सर्वांचा म्हणून फोटो घेण्याची वेळ येईल तेव्हा दाराआड कोणी थांबले आहे काय, हे एकदा घरात डोकावून पाहावे.