पॅरिशची शीव व तिचे पाषाण

गांवशिवेच्या दगडांविषयीं आपल्याकडील संशोधकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. गद्धेगाळींचे ठसे व शिवेच्या तंट्यांचे महजर यांचा संग्रहही लहान नाहीं. परंतु दगड रोंवल्यावर त्याची देखरेख कोण करी व कशी करी, या प्रश्नाकडे तितकें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. या दृष्टीनें इंग्लंडांतील, विशेषतः लंडन शहरांतील, पॅरिशच्या सीमाचिन्हांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कारण तेथें चिन्हेंही उरलीं आहेत व देखरेखीच्या खर्चाच्या वह्याही.

पॅरिश म्हणजे एका ख्रिस्ती देवळाच्या धर्माधिकाराखालील वस्ती. ही हद्द मूळची धार्मिक. पुढें इ. स. १६०१ च्या कायद्यानें आपापल्या निराधारांच्या पोषणाचा भार प्रत्येक पॅरिशवर पक्का झाला व त्यासाठीं रहिवाशांवर पट्टी बसूं लागली. १६६२ च्या कायद्यानें, आपणांवर भार होईल अशा परक्या मनुष्यास त्याच्या मूळ पॅरिशांत परत धाडण्याची सोय झाली. उंबरठ्यावर टाकलेलें अर्भक शिवेच्या अलीकडे सांपडलें कीं पलीकडे, यावर त्याला कोणीं पोसावयाचें हें ठरूं लागलें.

म्हणून शिवेची फेरी काळजीपूर्वक होई. ईस्टरनंतर येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार व त्याच्या आधींचे तीन दिवस हा तिचा काळ. धर्मसुधारणेनंतर इतर मिरवणुकी बंद झाल्या, तरी एलिझाबेथ राणीच्या १५५९ च्या आज्ञापत्रांनीं ही फेरी राखिली. पाद्री, देवळाचे कारभारी, प्रतिष्ठित गृहस्थ व मुलें निघत. प्रत्येक खुणेवर मुलें काठ्या मारीत. कित्येक ठिकाणीं मुलांनाच त्या दगडावर आपटीत किंवा छडी देत, हेतु हा कीं जागा जन्मभर ध्यानांत राहावी. नंतर पाव व बीर. हा खर्च कारभारी वहींत घालीत, आणि त्या नोंदी आज संशोधकाच्या कामास येतात.

आपल्या स्मृतिकारांची आठवण येथें सहज होते. मनूनें आठव्या अध्यायांत वड, पिंपळ, पळस इत्यादि वृक्ष व तळीं, विहिरी हीं प्रकट चिन्हें सांगून, शिवाय दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे हीं जमिनींत पुरावीं असें सांगितलें आहे. बृहस्पतीची स्मृति अखंड उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं उद्धृत केलेल्या वचनांवरून ती जुळवावी लागते. त्या वचनांत एक पाऊल पुढें आहे. हीं पुरलेलीं चिन्हें मुलांना यत्नपूर्वक दाखवावीं, व त्यांनीं वृद्धपणीं आपल्या मुलांना दाखवावीं. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें कोणी म्हणूं नये. गरज एक, म्हणून उपायही एक. मुलांना मारण्याची सूचना मात्र बृहस्पतीनें केलेली नाहीं, हा भेद शाळेंत हयात घालविलेल्या मजसारख्यास नोंदल्यावांचून राहवत नाहीं.

खेड्यांत शीव शेतांतून जाते, शहरांत ती घरांतून जाऊं लागते. लंडन दाट होत गेलें तसें दगड रोंवावयास जागा उरली नाहीं, तेव्हां भिंतींत दगडी वा लोखंडी पाट्या बसविल्या. त्यांवर देवळाच्या नांवाचीं आद्याक्षरें व वर्ष. सेंट क्लेमेंट डेन्सच्या पाट्यांवर नांगराची आकृति. घर पाडून नवें बांधलें कीं पाटी जाण्याचें भय, म्हणून फेरींत तपासून ती पुन्हा लावावी लागे. यामुळें कांहीं ठिकाणीं एकाच शिवेवर निरनिराळ्या वर्षांच्या पाट्या आढळतात. पाटीवरील वर्ष तपासणीचें किंवा पुनःस्थापनेचें असूं शकतें. तेवढ्यावरून शिवेचा काळ ठरविणें धोक्याचें आहे.

१६६६ च्या आगींत लंडनचीं ८७ पॅरिश-देवळें जळालीं. त्यांपैकीं अनेक पुन्हा उभारलीं गेलीं नाहींत. धर्मकार्यासाठीं पॅरिशें जोडलीं गेलीं, परंतु पट्टी व कारभार पूर्ववत् वेगळे राहिले. देऊळ नाहीं, शीव मात्र आहे, अशी स्थिति दोन शतकांहून अधिक टिकली. १९०७ च्या कायद्यानें जुन्या शहरांतील सर्व दिवाणी पॅरिशें एक झालीं आणि पाट्यांचें व्यावहारिक काम संपलें.

तरी फेरी सर्वत्र थांबली नाहीं. टॉवरजवळील ऑल हॅलोज देवळाची दक्षिण शीव थेम्स नदींत पडते. तेथें नावेंतून जाऊन पाण्यावर काठ्या मारितात. टॉवरच्या लोकांशीं या पॅरिशचा शिवेवरून १६९८ मध्यें झालेला कलह प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डांत सेंट मायकेलची मंडळी दुकानांच्या आंत गेलेल्या खुणांपर्यंतही जातात व खडूनें वर्ष लिहितात.

आपल्याकडे शिवेवरचा दगड उचलून संग्रहालयाच्या आवारांत आणून ठेवितात. अक्षरें वांचतात, शीव हरवते. दगड हलविणें अटळ असेल तर जवळची विहीर, ओढा व वाट यांपासून त्याचें अंतर मोजून, त्याचें तोंड कोणत्या गांवाकडे होतें हें लिहून ठेवावें. ज्यांच्या संग्रहीं त्याच शिवेचा महजर असेल त्यांनीं त्यांतील झाडाओढ्यांचीं नांवें गांवच्या वृद्धांस बरोबर घेऊन जागेवर ताडून पाहावीं, आणि त्या वेळीं गांवच्या शाळेंतील चार मुलें बरोबर न्यावीं.