व्हायोलिन–पियानो सोनाटा, फ्रेंच

व्हायोलिन व पियानो यांसाठी फ्रान्समध्ये रचल्या गेलेल्या, सहसा तीन वा चार भागांच्या संगीतरचना. या प्रकाराचा बहराचा काळ सु. १८७५ ते १९४३.

पूर्वपीठिका : झाँ-मारी लक्लेर (१६९७–१७६४) याच्या सोनाटांत व्हायोलिन प्रमुख असून खर्जाच्या स्वरपंक्तीची केवळ साथ आहे.

उदय : एकोणिसाव्या शतकातील पॅरिसवर ऑपेराचा पगडा होता. प्रशियाबरोबरच्या युद्धकाळात, १८७१ मध्ये, कामीय सां-साँस व रोमँ ब्युसीन यांनी फ्रेंच रचनाकारांसाठी ‘सोसिएते नास्योनाल द म्युझिक’ स्थापन केली. तिच्याच मंचावर २७ जानेवारी १८७७ रोजी गाब्रिएल फोरेची पहिली सोनाटा (ए मेजर, कृती १३) मारी तायो हिने वाजविली. पियानोवर स्वतः फोरे होता. ती छापली मात्र जर्मनीतील लाइपसिकच्या प्रकाशकाने, तीही मानधन न देता.

फ्रांकची सोनाटा (१८८६) : या परंपरेतील सर्वांत जास्त वाजविली जाणारी रचना. सेझार फ्रांकचा जन्म लिएजचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला; तरी त्याची गणना फ्रेंच परंपरेतच करण्याचा प्रघात आहे. व्हायोलिनवादक यूजीन ईझाई याला ती विवाहाची भेट म्हणून मिळाली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ब्रुसेल्सच्या एका चित्रसंग्रहालयात ईझाई व पियानोवादिका लेआँतीन बॉर्द-पेन यांनी ती जाहीरपणे सादर केली. फ्रांकचा शिष्य व्हँसाँ दँदी याच्या हकीकतीनुसार, हिवाळ्यातली संध्याकाळ लवकर उतरली, चित्रांमुळे दिवे लावण्यास मनाई होती, आणि पहिल्या भागानंतरचे सारे दोघांनी अंधारात, स्मरणातून वाजविले. एकच स्वरबीज चारही भागांत रूप पालटून येते. अखेरच्या भागात पियानोने मांडलेली धून व्हायोलिन एका मापाच्या अंतराने जशीच्या तशी उचलते. पियानोचा भाग व्हायोलिनइतकाच, किंबहुना अधिक अवघड आहे. फ्रांकचे पंजे मोठे होते, याची आठवण वादकाला पानोपानी होते.

विसावे शतक : क्लोद दबुसीने योजिलेल्या सहा सोनाटांपैकी तीनच पूर्ण झाल्या. व्हायोलिनची तिसरी (१९१७) ही त्याची शेवटची पूर्ण मोठी कृती. कर्करोगाने ग्रासलेल्या दबुसीने ५ मे १९१७ रोजी गास्ताँ पूलेबरोबर तिचे प्रथम वादन केले. मोरिस राव्हेलच्या मते ही दोन वाद्ये मुळात परस्परांशी न जुळणारी. त्याच्या सोनाटेत (१९२३–२७) ही विसंगती लपविलेली नाही. मधल्या भागाचे नावच ‘ब्लूज’ आहे. प्रथम वादन : झॉर्झ एनेस्कू व राव्हेल, १९२७.

साहित्यातील पडसाद : मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतील ‘व्हँतय’ या काल्पनिक संगीतकाराच्या सोनाटेमागे सां-साँस, फ्रांक, फोरे अशी निरनिराळी नावे घेतली जातात.

इतर : आल्बेरीक मान्यार, आल्बेर रूसेल, झेर्मेन तायफेर, दार्यूस मीयो. फ्रांसिस पूलँकची सोनाटा (१९४२–४३) स्पॅनिश कवी लोर्का याच्या स्मृतीस अर्पण केलेली असून ती प्रथम झिनेत नव्ह हिने वाजविली. विमान अपघातात तिचा मृत्यू झाल्यावर १९४९ मध्ये पूलँकने ती सुधारली.