मुरूड-जंजिरा: समुद्रकाठच्या मुसलमानांचं जेवण, सण आणि जमात

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत खानदेशातली घरं आता कोकणाकडे निघतात. पाचोऱ्याहून रेल्वेने कल्याण किंवा दादर, तिथून एस.टी. किंवा गाडी करून अलिबागमार्गे मुरूड. बहुतेक जण किल्ला बघतात, वाळूत फोटो काढतात, मासे खातात आणि परत येतात. मात्र मुरूड हे नुसतं फिरायचं ठिकाण नाही. तिथे आपल्याच दीनचे, पण आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीचे मराठी बोलणारे मुसलमान शतकानुशतकं राहतात. जाण्याआधी त्यांच्याबद्दल थोडं माहीत असेल तर सहलीचा अर्थच बदलतो.

मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. जंजिरा हे नाव अरबी 'जझीरा' म्हणजे बेट या शब्दावरून आलं. किल्ला समुद्रात आहे आणि राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने तिथे जावं लागतं. जुम्म्याच्या नमाजच्या वेळी होड्या थांबतात आणि पावसाळ्यात किल्ला बंदच असतो, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये कार्यक्रम ठरवू नये. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तट दोन्ही बाजूंनी त्याला झाकून टाकतो. दरवाजाजवळ हत्तींना पंजात धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प आहे. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. चारही बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं, हे मुलांना आवर्जून दाखवावं. कलालबांगडी ही मोठी तोफ तर सगळेच बघतात.

हा किल्ला सिद्दींचा. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, हबश म्हणजे ॲबिसिनियाकडून आलेले लोक. त्यांच्यातले काही गुलाम म्हणून आले, काही सैनिक आणि खलाशी म्हणून, आणि पुढे सत्ताधीश झाले. अहमदनगरच्या निजामशाहीत वजीरपदापर्यंत पोचलेला मलिक अंबरही हबशीच होता. जंजिऱ्याच्या मुलखाला जुन्या कागदांत 'हबसाण' म्हणतात. पोर्तुगीज, इंग्रज, मराठे, कुणालाच हा किल्ला लढून घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी समोरच पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रात भर घालून वाट करायचा प्रयत्न केला. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी: ही लढाई धर्माची नव्हती. महाराजांच्या आरमाराचा एक मोठा सरदार दौलतखान होता, आणि पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं घराणं सिद्दींच्या मुलखातल्या श्रीवर्धनचं देशमुख होतं. संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं. मुरूडमधला नवाबाचा वाडा खाजगी आहे, तो बाहेरूनच बघायचा. खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दी सरदारांच्या कबरी, राजपुरीपासून जवळच आहेत. तिथे गर्दी नसते, फातिहा पढायला निवांतपणा मिळतो.

जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम नाझली रफिया सुलतान हिने 1908 मध्ये युरोपचा प्रवास केला आणि त्यावर उर्दूत 'सैर-ए-युरोप' लिहिलं. शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई परदेशात जाते आणि त्याचं पुस्तक लिहिते, हे आपल्या मुलींना वर्गात सांगितलं की त्या सरळ बसतात.

सिद्दींखेरीज या किनाऱ्यावर कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आणि मोठी आहे. अरब व्यापारी आणि खलाशी या बंदरांत उतरले, स्थानिक घरांशी सोयरीक झाली, आणि त्यातून ही जमात उभी राहिली. परकार, दळवी, मुकादम अशी आडनावं आपल्याला तिथे भेटतात. घरात ते बोलतात ती कोकणी मराठी, उर्दू त्यांना मदरशातून आणि शाळेतून येते. आपल्याकडे अनेक घरांत याच्या उलट आहे: घरात उर्दू किंवा दखनी, बाहेर मराठी. म्हणून 'मराठी आपली नाही' असं कुणी आपल्या लेकरांना म्हणालं तर कोकणातल्या नानीची बोली त्यांना ऐकवावी. उर्दू आणि मराठी दोन्हींत लिहिणारे शायर बदीउज्जमा खावर याच कोकणातले.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि मला वाटतं जिच्यामुळे आपले लोक तिथे गोंधळतात ती. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे आहेत, आपण खानदेशातले बहुतेक हनफी. मशिदीत गेलात तर असरची अजान आपल्यापेक्षा लवकर होते, कारण शाफईत सावली वस्तूइतकी झाली की असरची वेळ सुरू होते, हनफीत दुप्पट झाल्यावर. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमाम हात उठवून कुनूत पढतात. रुकूला जाताना-येताना हात उचलतात, आमीन मोठ्याने म्हणतात. ईदच्या नमाजला तकबिरी पहिल्या रकातीत सात आणि दुसऱ्या रकातीत पाच असतात, आपल्याकडे तीन आणि तीन. यात चुकीचं कुणीच नाही. सोबतच्या लहान मुलाने मोठ्याने 'अब्बा, यांची नमाज चुकली' म्हटलं तर वेळीच त्याला नीट समजवावं. चार इमामांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा हा एक अनुभव जास्त शिकवतो.

फितऱ्यातही फरक आहे. आपल्याकडे बहुतेक जण गव्हाच्या हिशेबाने पैसे देतात. शाफई रीतीत रोजच्या खाण्याचं धान्य द्यायचं, म्हणजे इथे तांदूळ, माणशी साधारण अडीच ते तीन किलो.

खाण्याचाही हाच मामला. शाफई मसलकात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल आहे, त्यामुळे दस्तरखानावर कोलंबी, तिसऱ्या, कालवं अगदी सहज येतात. हनफींत मासा हलाल, कोलंबीबद्दल उलमांत मतभेद, आणि शिंपल्यातलं किंवा चिंबोरी म्हणजे खेकडा चालत नाही. चिंबोरीची चर्चा तर शाफई किताबांतही आहे. ज्यांच्या घरी जेवायला जाणार त्यांना आधी सांगितलं की कुणी रागावत नाही. निघायच्या आधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं, म्हणजे ताटावर बसून वाद होत नाहीत.

पदार्थ मात्र मनमोकळे. ज्वारी-कळण्याच्या भाकरीला सरावलेल्या आपल्या तोंडाला तांदळाची मऊ भाकरी पहिल्या घासाला फिकी वाटते, पण नारळ घातलेल्या कालवणात बुडवली की कळतं ती कशासाठी आहे. ईदला आणि लग्नात सांदण होतं: तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात भिजवून फुगवतात आणि वाट्यांत वाफवतात. खमिरासाठी आता बहुतेक घरांत यीस्ट घालतात. ते मटणाच्या रश्श्याबरोबर खातात, किंवा साखर घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर गोड. आमच्याकडे ईद म्हणजे शीरखुर्मा, तिथे शीरखुर्म्याबरोबर सांदणही असतं. सोबतीला कोकमाची सोलकढी.

हिवाळ्यात रायगड जिल्ह्यात पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि भामरुडाचा पाला भरून, मडकं उलटं करून भोवती जाळ करतात. ती शेतात सगळ्यांनी मिळून खायची, कुणा एका जमातीची नाही. आपल्या वांग्याच्या भरीताच्या पार्टीची आठवण होते. कुठे खायला मिळाली तर कोंबडी कुणी हलाल केली एवढं विचारून घ्यावं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील हेच घराचं भांडार. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि होड्या परत बाहेर काढायची तयारी सुरू होते. आपली ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते, त्यामुळे ती कधी बंदीत येते, कधी भर हंगामात. बंदीत आली की ताजी मासळी महाग होते, मग दावतीत मटणावरच भागवतात.

आता समुद्राबद्दल, आणि हे शिक्षक म्हणून सांगतो. 2016 च्या 1 फेब्रुवारीला मुरूडच्याच किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. आपल्या लेकरांना गिरणा माहीत आहे, समुद्र नाही. पाणी कमरेपर्यंत असताना ओहोटी पायाखालची वाळू ओढून नेते. मुलं नदीत पोहतात म्हणून ती इथेही पोहतील, असं समजू नये. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारावी, संध्याकाळी पाण्यात उतरू नये, आणि मुलींसोबत एक तरी मोठी बाई पाण्याच्या काठावर उभी असावी, फोटो काढत नव्हे, लक्ष ठेवत.

मुरूडपासून श्रीवर्धन लांब नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, घरात पानदान असेल तर अम्मीसाठी थोडी आणावी. वेळ असेल तर परतीला मुंबईत माहीमला मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर थांबावं. ते कोकणातले मोठे आलिम, कुरआनची अरबी तफसीर लिहिणारे, 1431 मध्ये वफात पावले. डिसेंबरात तिथे मोठी जत्रा भरते आणि मुंबई पोलीस मानाने चादर घेऊन येतात.