अधिकाऱ्यावर दावा लावला, पण साक्षीपुरावे सुरूच होत नाहीत, असं का?

तहसीलदारांनी हुकूम दिला, रस्त्यासाठी बांध फुटला, उभं पीक गेलं. शेतकरी चिडून भरपाईसाठी अधिकाऱ्याच्याच नावाने दिवाणी दावा लावतो. लगेच समोरून अर्ज येतो, ‘साहेबांना कायद्याचं संरक्षण आहे, दावा चालू शकत नाही.’ मग मूळ दावा तिथंच थांबतो. कोर्ट मॅनेज झालं, अशी चर्चा गावात सुरू होते. पण बऱ्याचदा तो कायद्यातलाच क्रम असतो.

संरक्षण कोणतं?
१८५० चा न्यायिक अधिकारी संरक्षण कायदा आजही लागू आहे. सुनावणी घेऊन न्यायनिवाड्याचं काम करताना, आपल्याला अधिकार आहे असं प्रामाणिकपणे समजून हुकूम दिला असेल, तर त्या अधिकाऱ्यावर दिवाणी दावा चालत नाही. हुकूम चुकीचा निघाला तरीही. हे संरक्षण न्यायनिवाड्याच्या कामापुरतं आहे, साहेबांच्या प्रत्येक कामाला नाही.

दावा का थांबतो?
दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन वाटा आहेत. आदेश ७ नियम ११ खाली वादपत्रच नामंजूर करा, असा अर्ज येतो. महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं, की हा अर्ज आधी निकाली काढा, त्याआधी लेखी जबाब मागू नका. अर्ज ठरवताना कोर्ट फक्त तुमचं वादपत्र बघतं. म्हणून त्यात मोघम लिहू नका. तारीख, गट नंबर, अधिकाऱ्याने नेमकं काय केलं ते लिहा.

दुसरी वाट आदेश १४ नियम २ ची. दाव्याला कायद्याची आडकाठी आहे का, हा मुद्दा कोर्ट आधी घेऊ शकतं. पण तो निव्वळ कायद्याचा हवा. हुकूम प्रामाणिकपणे दिला की नाही, यावर वाद असेल तर पुरावा लागतो, मग असा मुद्दा आधी सुटत नाही.

अर्ज फेटाळला म्हणून सरकार वरच्या कोर्टात गेलं, तरी दावा आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा हुकूम लागतो.

नोटीस विसरू नका
सरकारवर किंवा अधिकाऱ्यावर सरकारी कामाबद्दल दावा लावण्याआधी कलम ८० ची लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. पोच जपून ठेवा. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटीस न देताही दावा लावता येतो, पण सरकारला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय मनाई हुकूम मिळत नाही.

खरा धोका
दावा थांबला तरी महसुली अपिलाची मुदत थांबत नाही. महसूल संहितेखाली तहसीलदारांच्या हुकमावर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करायचं असतं. दाव्याच्या तारखा बघत बसलात, तर ही मुदत निघून जाईल आणि तो हुकूम तसाच राहील. म्हणून हुकमाची नक्कल हातात पडली की पहिल्या आठवड्यातच वकिलांना दाखवा.