कांदा चाळीतील तळवायुवीजन
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत एप्रिल-मेमध्ये काढलेला रब्बी कांदा ओतूर, आळेफाटा किंवा मंचरच्या बाजारात नेईपर्यंत ज्या चाळीत ठेवतात, तिची हवा जमिनीखालून नव्हे, तर उंचावलेल्या फळ्यांच्या तळातून खेळवलेली असते. तळाशी सुमारे दीड ते दोन फूट पोकळी ठेवतात. साठलेला कांदा श्वसन करतो, ऊब व बाष्प सोडतो. ही ऊबदार हवा हलकी होऊन छताकडे चढते आणि तिच्या जागी फटींतून बाहेरची हवा शिरते. पंखा लागत नाही.

साठवणीस २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. उष्णता वाढली की वजन घटते. दमटपणा वाढला की कांदा सडतो. १० ते २० अंशांदरम्यान कोंब लवकर फुटतात, म्हणून अर्धवट गारवा उपयोगाचा नाही. थर चार-पाच फुटांहून उंच रचल्यास मधला कांदा कोंदतो. चाळ बिघडण्याचे हे मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण होय. पत्र्यापेक्षा कौलांखाली उष्मा कमी राहतो. पावसाळी वाऱ्यात बाजू झाकाव्यात, तळ मात्र मोकळा ठेवावा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात साठवणीवर संशोधन चालते.