वाळवंटातलं गरम पाणी

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात गाडीने फिरणारे मोरी गावच्या कोमट हौदात डुंबतात आणि त्याला नैसर्गिक झरा समजतात. तो झरा नाही. 1895 मध्ये शेतीसाठी पाणी मिळावं म्हणून तिथे खोल बोअर मारली. पाणी उसळून वर आलं, पण पिकांना ते मानवेना, म्हणून माणसं त्यात अंघोळ करू लागली. कुणी म्हणेल, ऊब तर भूगर्भाचीच, मग फरक काय? फरक दाबाचा आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन हा सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरचा भूजलसाठा. खऱ्या झऱ्यांना आणि बोअरींना तोच पाणी पुरवतो. कित्येक बोअरींचं पाणी दशकानुदशकं उघड्या चरांतून मोकाट वाहिलं, बरंचसं उन्हात उडून गेलं आणि मातीत जिरलं. दाब घटला, अनेक जुने झरे मंदावले, काही आटलेच.

सिम्पसन वाळवंटाच्या कडेचे डलहौसीचे झरे मात्र खरे. त्या प्रदेशातल्या आदिवासींना ते युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. वाळवंटात पाण्याची ठिकाणं माहीत असणं म्हणजे जगणंच! 1872 मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची (टेलिग्राफची) लाइनही दक्षिण ऑस्ट्रेलियात अशाच झऱ्यांच्या रांगेलगत गेली. या पाण्याशी आदिवासींचं इतकं जुनं नातं असूनही मोरीच्या हौदात त्यांना मज्जाव होता. फेब्रुवारी 1965 मध्ये आदिवासी कार्यकर्ते चार्ल्स पर्किन्स आणि सिडनीचे विद्यार्थी आदिवासी मुलांना घेऊन त्या हौदाच्या दारात उभे राहिले, ते या बंदीविरुद्धच.